‘कोणी’चं इंग्लिश करताना ‘एनीवन’ कुठे घालायचं आणि कुठे नाही

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर मागे एक मेसेज पडला, ‘एनीवन हॅज नॉट पेड मेंटेनन्स, प्लीज पे टुडे.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं की कोणी भरला नसेल तर आज भरा, पण अर्ध्या लोकांनी वाचलं की कोणीच भरलेला नाही, आणि मग जे दर महिन्याला वेळेत भरतात ते पावतीचे स्क्रीनशॉट टाकत बसले. शाळेत आपल्याकडून एनीवन म्हणजे कोणीही, समवन म्हणजे कोणीतरी, नो वन म्हणजे कोणी नाही एवढं पाठ करून घेतात आणि विषय संपतो, पण बोलताना आपण असं सुटं सुटं कुठे बोलतो, नुसतं ‘कोणी’ म्हणतो आणि सगळीकडे तेवढ्यावर भागवतो. कोणी आलंय बघ, कोणी आलंय का, कोणी आलं नाही, कोणी आलं तर सांग. मराठीत चारही ठिकाणी एकच शब्द आणि इंग्लिशमध्ये तीन, म्हणून गडबड होते.

खाली पायऱ्या दिल्यात त्या क्रमानेच करा, दुसरी पायरी सोडून पाचवीला गेलात तर वाक्य व्याकरणात बसेल पण अर्थ उलटा होईल. आणि एनीबडी का एनीवन याच्यात वेळ घालवू नका, अर्थ तोच आहे, बोलण्यात एनीबडी थोडं जास्त ऐकू येतं आणि लिहिण्यात एनीवन, बस.

तयारी: आधी मराठी वाक्य पूर्ण लिहा

डोक्यात अर्धवट मराठी, हातात अर्धवट इंग्लिश असं करू नका. वाक्य आधी मराठीत शेवटपर्यंत लिहा, ‘नाही’, ‘का’, ‘तर’ सकट. कारण आपल्या भाषेत हे तीनही शब्द मागे येतात, ‘कोणी’ मात्र पहिल्यांदाच तोंडातून जातो. म्हणजे ‘कोणी’ लिहिताना पुढे नाही येणार का प्रश्न येणार हे तुमचं तुम्हालाच ठरलेलं नसतं. आपण ‘एनीवन’ टाइप करून बसतो आणि मग शेवटी ‘नाही’ आठवल्यावर ‘नॉट’ कुठेतरी कोंबतो. माझ्या मते नव्वद टक्के चुकांचं मूळ हेच, बाकीचं सगळं किरकोळ.

लिहून झालं की तीन गोष्टींखाली रेघ मारा: कोणी (कोणाला, कोणाशी, कोणाचं सगळी रूपं धरून), नाही, आणि का किंवा तर.

पायरी १: ‘कोणी’ बदलून बघा

रेघ मारलेल्या ‘कोणी’च्या जागी हे शब्द एकेक करून घाला आणि कुठला घातल्यावर अर्थ हलत नाही ते बघा.

‘कोणीतरी’ बसतंय? मग समवन. ‘कोणी आलंय बघ’ म्हणजे कोणीतरी आलंय, म्हणून ‘समवन इज ॲट द डोअर’. इथे ‘एनीवन इज ॲट द डोअर’ लिहिलं तर काहीच अर्थ लागत नाही. ‘कोणी ना कोणी मदत करेल’ हेही यातच, ‘समवन ऑर अदर विल हेल्प’.

‘कोणीच’ बसतंय, आणि मागे नाही आहे? मग थांबा, ते दुसऱ्या पायरीत.

‘वाटेल तो’, ‘येईल तो’ असं बसतंय? मग एनीवन. ‘हे कोणीही करू शकतं’, ‘एनीवन कॅन डू धिस’. साध्या होकारी वाक्यात एनीवनला हाच एक अर्थ आहे, वाटेल तो. म्हणून होकारी वाक्यात एनीवन लिहिलंत की स्वतःला विचारायचं, मला वाटेल तो म्हणायचंय का?

फरक कळायला ही जोडी बघा. पत्ता सांगताना ‘स्टेशनबाहेर कोणालाही विचार’ म्हणजे ‘आस्क एनीवन’, तिथे सगळ्यांना माहीत आहे, पहिला भेटेल त्याला विचार. ‘स्टेशनबाहेर कोणाला तरी विचार’ म्हणजे ‘आस्क समवन’, माहीत असलेला एखादा शोधावा लागेल. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत पण पहिल्यात भरवसा आहे, दुसऱ्यात नाही.

तपासणी: ‘एनीवन प्लीज कम डाउन, पार्सल आलंय’ असं लिहिता ना? तुम्हाला वाटेल तो नकोय, कोणीतरी एक जण हवाय. ‘कुड समवन प्लीज कम डाउन?’

पायरी २: ‘नाही’ उचला आणि पुढे आणा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची म्हणून इथे जरा जास्त वेळ काढा. मराठीत ऐकणारा शेवटपर्यंत थांबतो, ‘कोणी आलं…’ आणि मग ‘नाही’. आपल्याला सवय आहे, चालतं. इंग्लिशला एनीवनच्या आधी नकार ऐकू यावा लागतो. नकार आधी, एनीवन नंतर, हा क्रम उलटा झाला की वाक्य मोडलं. म्हणून ‘एनीवन डिड नॉट कम’ चूक. नॉट आहे, पण उशिरा आलाय.

मग कर्त्याच्या जागी कोणी असेल तर काय करायचं, त्याच्या आधी तर काहीच नसतं. तर ‘नाही’ त्याच शब्दात घालायचं: कोणी + नाही = नो वन. ‘नो वन केम.’ आता नाही वापरून झालं, परत नॉट लावायचं नाही.

कर्माच्या जागी कोणी असेल तर नॉट आपोआप आधी येतो, मग एनीवन खुशाल वापरा. ‘मी कोणाला सांगितलं नाही’, ‘आय डिडन्ट टेल एनीवन’. (‘टेल टू एनीवन’ नाही, टेलला टू लागत नाही, आणि डिडन्टनंतर टोल्डसुद्धा नाही. एका वाक्यात या दोन्ही चुका करणारे मी पाहिलेत, एके काळी मी स्वतः त्यातलाच.)

‘घरात कोणी नाही’ला बरेच जण ‘एनीवन इज नॉट ॲट होम’ करतात. यासाठी इंग्लिशकडे सोयीचा शब्द आहे, देअर. ‘देअर इज नो वन ॲट होम’ म्हणा नाहीतर ‘देअर इजन्ट एनीवन ॲट होम’, दोन्ही चालतात, कारण दुसऱ्यात नकार एनीवनच्या आधी येऊन बसला.

आता खरी परीक्षा. ‘कोणी कोणाला काही सांगितलं नाही.’ तीन शब्द आणि नाही एकच. इंग्लिशमध्येही नाही एकच ठेवायचं, आणि रांगेत जो पहिला उभा आहे त्याला द्यायचं, मागच्या सगळ्यांना एनी. ‘नो वन टोल्ड एनीवन एनीथिंग.’ पहिल्याने नाही घेतलं, बाकीचे त्याच्या जिवावर. वाक्यात ‘कधीच’ घातलंत, ‘कोणी कोणाला कधीच काही सांगत नाही’, तर त्याचं नेव्हर होत नाही, एव्हर होतं: ‘नो वन एव्हर टेल्स एनीवन एनीथिंग’. हे एक वाक्य तोंडात बसलं की या पायरीतलं जवळजवळ सगळं आलं.

सावधान: ‘आय डिडन्ट टेल नो वन’ पिक्चरमध्ये आणि गाण्यात ऐकलंय म्हणून लिहू नका. काही ठिकाणच्या बोलीत ते सरळ नकार म्हणूनच चालतं, पण अर्जात, ऑफिसच्या मेलमध्ये आणि पेपरात ते चूकच धरतात.

लपलेले नकार पण असतात. नॉट दिसत नाही पण आत नाही बसलेलं असतं, आणि त्यांच्यामागे एनीवनच येतं. विदाउट: ‘कोणाला न सांगता गेला’, ‘ही लेफ्ट विदाउट टेलिंग एनीवन’. नेव्हर, रेअरली, रिफ्यूज, डाउट ही त्याच घरातली. हार्डली: ‘फारसं कोणी आलं नाही’, ‘हार्डली एनीवन केम’. बघा, इथे एनीवन कर्ता असूनही चाललं, कारण हार्डली त्याच्या पुढे उभा आहे. आणि ‘फारच’ या अर्थाचा, दोन ओ असलेला टू. दहावीला ‘रिमूव्ह टू’ करायचो आठवतंय? ‘शी वॉज टू टायर्ड टू टॉक टू एनीवन’ याचं ‘शी वॉज सो टायर्ड दॅट शी कुड नॉट टॉक टू एनीवन’ केलं की आतला नॉट बाहेर पडतो. तेव्हा नुसते मार्कांसाठी केलं, त्यातून हे शिकायचं होतं हे आम्हाला कोणी सांगितलं नाही.

आता ‘च’ आणि ‘ही’चा घोळ. ‘मी माझी स्कूटर कोणालाही देत नाही’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात, आणि आवाजाच्या चढउतारावर ठरतात. एक, कोणालाच देत नाही. दोन, येईल त्याला देत नाही, म्हणजे तुझ्यासारख्याला देईन. इंग्लिशमध्ये लिहिताना आवाज नसतो. पहिल्याला ‘आय डोन्ट लेंड माय स्कूटर टू एनीवन’, दुसऱ्याला ‘टू जस्ट एनीवन’. तो एक जस्ट राहिला तर ज्याला मुद्दाम मान द्यायला वाक्य लिहिलं त्यालाच नकार जातो.

तपासणी: इंग्लिश वाक्यात एनीवनवर बोट ठेवा आणि नॉट कुठे आहे बघा. बोटाच्या उजवीकडे असेल तर वाक्य परत लिहा. (दोन सुटी आहेत: एनीवनच्या आधी इफ असेल तर चालतं, आणि दुसरी चौथ्या पायरीत.) मग नकार मोजा. साध्या वाक्यात एकच हवा.

जाता जाता, ‘सगळे आले नाहीत’चं ‘एव्हरीवन डिड नॉट कम’ करू नका, वाचणारा एकही आलं नाही असंही समजू शकतो. काही आले काही नाही म्हणायचं असेल तर नॉट अगदी पुढे, ‘नॉट एव्हरीवन केम’.

पायरी ३: ‘का’ किंवा ‘तर’ असेल तर

इथे सोपं आहे, बहुतेक वेळा एनीवन. ‘कोणी फोन केला होता का?’ ‘डिड एनीवन कॉल?’ ‘कोणी विचारलं तर सांग’, ‘इफ एनीवन आस्क्स, टेल देम’.

पण प्रश्नात समवन चूक आहे असं जे शिकवतात ते अर्धवट. उत्तर ‘हो’ येणार अशी खात्री असली की समवन वापरतात. तुम्ही अंघोळीला होता, रिंग ऐकली, बाहेर येऊन विचारता, ‘डिड समवन कॉल?’ फोन वाजला हे तुम्हाला माहीत आहे, फक्त कोणाचा ते हवंय. दिवसभर बाहेर होता आणि सहज विचारताय तर ‘डिड एनीवन कॉल?’ पाहुण्याला खायला विचारताना पण ‘वुड यू लाइक समथिंग टू ईट?’, कारण त्याने हो म्हणावं असं आपल्याला वाटतं. एनीथिंग म्हटलं तर चूक नाही पण आग्रह थोडा कमी होतो, आणि आपल्याकडे आग्रह कमी झालेला लगेच कळतो.

ग्रुपवरचा नेहमीचा प्रश्न: ‘डझ एनीवन हॅज प्लंबर नंबर?’ डझ आला की पुढे हॅज नाही, हॅव. डिड आला की केम नाही, कम. ‘एनीवन हॅविंग प्लंबर नंबर’ हे आपल्याकडे सर्रास चालतं, समजतंही, पण बाहेरच्या क्लायंटला लिहिताना ‘डझ एनीवन हॅव अ प्लंबर्स नंबर?’ असं पूर्ण लिहा.

पायरी ४: ‘जो कोणी’ आला की दुसरा ‘तो’ कापा

मराठीत जोडी असते, जो कोणी येणार असेल त्याने नाव द्यावं. जो आणि तो. तेच इंग्लिशमध्ये नेलं की होतं ‘एनीवन हू वॉन्ट्स टू कम ही शुड गिव्ह हिज नेम’. तो मधला ‘ही’ जास्तीचा आहे. ‘एनीवन हू वॉन्ट्स टू कम शुड गिव्ह देअर नेम.’ वाचताना काहीतरी राहिल्यासारखं वाटेल, आपला मराठी कान ‘तो’ची वाट बघत असतो, पण राहिलेलं काही नाही, तसंच पाठवा.

आणि ती दुसरी सूट. एनीवनला ‘हू’ची शेपटी लागली की नॉट मागे आला तरी चालतो. ‘एनीवन हू डझ नॉट हॅव अ टिकेट विल नॉट बी अलाउड इन’ अशा पाट्या सगळीकडे असतात आणि त्या चुकीच्या नाहीत. कारण इथे एनीवन म्हणजे परत ‘वाटेल तो’, ज्याच्याकडे तिकीट नाही असा कोणीही. मागे हू नसेल आणि आधी इफही नसेल तर सूट नाही.

पायरी ५: क्रियापद एकाचं, मागचा शब्द अनेकांचा

एनीवन, समवन, नो वन, एव्हरीवन सगळ्यांना क्रियापद एकवचनीच. ‘एव्हरीवन आर’ नाही, ‘एव्हरीवन इज’, कितीही माणसं डोळ्यासमोर असू देत. पण त्याच वाक्यात पुढे ‘त्याचं’ म्हणायचं आलं की देअर चालतं. ‘कोणाची छत्री राहिलीय का?’ ‘हॅज एनीवन लेफ्ट देअर अम्ब्रेला?’ आधी हॅज, मग देअर, विचित्र वाटतं खरं. जुन्या व्याकरणाच्या पुस्तकात इथे हिज किंवा ‘हिज ऑर हर’ असायचं. देअर बोलण्यात पूर्वीपासून आहे आणि आता लिहिण्यातही चालतं, छत्री बाईची का पुरुषाची ते ठरवत बसावं लागत नाही. (हे देअर वेगळं आणि मघाशी ‘घरात कोणी नाही’मधलं वेगळं, देवनागरीत सारखी दिसतात पण स्पेलिंग वेगळी, तिथे घसरू नका.)

पायरी ६: पाठवण्याआधी स्पेस, एल्स आणि ऑफ बघा

एनीवन, समवन, एव्हरीवन हे जोडून लिहायचे. नो वन मात्र तोडून, जोडलात तर तो ‘नून’सारखा दिसतो आणि चूकही आहे. एनीबडीच्या मध्ये स्पेस टाकू नका. ‘द पोलीस डिडन्ट फाइंड एनीबडी’ म्हणजे पोलिसांना तिथे कोणी सापडलं नाही, मध्ये स्पेस पडली तर प्रेत सापडलं नाही.

पुढे ऑफ असेल तर एनीवन जोडून चालत नाही. ‘तुमच्यापैकी कोणी’ म्हणजे ‘एनी ऑफ यू’. ‘तुमच्यापैकी कोणीही एक’ असं एकावर जोर असेल तर ‘एनी वन ऑफ यू’, इथे मुद्दाम स्पेस. ‘आमच्यापैकी कोणी नाही’ला ‘नो वन ऑफ अस’ नको, ‘नन ऑफ अस’. ‘समवन फ्रॉम अस’ पण नको, ‘वन ऑफ अस’.

‘दुसरं कोणी’मधलं दुसरं मागे जातं आणि एल्स होतं, ‘एनीवन एल्स’. विशेषणं पण मागेच, नवीन कोणी म्हणजे ‘समवन न्यू’. मालकी दाखवायची तर ॲपॉस्ट्रॉफी एस एल्सला लावा, ‘एनीवन एल्सेस’ असा उच्चार होतो. तुलना करताना तर एल्स विसरूच नका: ‘ती वर्गात सगळ्यांपेक्षा चांगली गाते’ म्हणजे ‘शी सिंग्स बेटर दॅन एनीवन एल्स इन द क्लास’. एल्स नसेल तर ती स्वतःपेक्षाही चांगली गाते असं होतं, कारण ती पण वर्गातच आहे ना.

हात साफ करायला

मराठी वाचा, खालची उत्तरं हाताने झाका, पायऱ्या लावून लिहा, मग पडताळा.

१. कोणी माझं ऐकत नाही.
२. मी कोणाचं ऐकत नाही.
३. कोणी कोणाचं ऐकत नाही.
४. कोणी पाणी आणेल का, प्लीज?
५. ही भाजी कोणालाही जमेल.
६. कोणी बघायच्या आत निघ.
७. आमच्यापैकी कोणाकडे चावी नव्हती.

उत्तरं. १. नो वन लिसन्स टू मी. २. आय डोन्ट लिसन टू एनीवन. ३. नो वन लिसन्स टू एनीवन. ४. कुड समवन प्लीज गेट सम वॉटर? ५. एनीवन कॅन मेक धिस भाजी. ६. लीव्ह बिफोर एनीवन सीज यू. ७. नन ऑफ अस हॅड द की.

तिसरं चुकलं असेल तर परत दुसऱ्या पायरीवर जा, सहावं चुकलं असेल तर लपलेल्या नकारांमध्ये बिफोर पण लिहून घ्या, मघाशी माझ्याकडून राहिला.

आणि तो मेंटेनन्सचा मेसेज. मराठीत लिहिला तर ‘तर’ दिसतो, म्हणून तिसरी पायरी: ‘इफ एनीवन हॅज नॉट पेड द मेंटेनन्स, प्लीज पे टुडे.’ नाहीतर चौथीतली शेपटी लावून ‘एनीवन हू हॅज नॉट पेड द मेंटेनन्स शुड पे टुडे’. फरक एका इफचा किंवा एका हूचा. पुढच्या महिन्यात कमिटीने नोटीस मराठीत काढली.